बसलेला हात

पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ, किंमत यांच्या गर्दीत एक ओळ असते : अक्षरजुळणी. वाचणारे तिथे थांबत नाहीत, आणि थांबावं असं तिथे काही नसतंही. काही पुस्तकांतल्या त्या ओळीत माझ्या व्यवसायाचं नाव आहे. पुण्यात, पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी नव्वदच्या दशकापासून डीटीपीचं काम करते. कवितासंग्रह, प्रबंध, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, मुंजीच्या पत्रिका आणि भाद्रपद लागला की दिवाळी अंक.

लोकांना वाटतं, माझं काम आता बसल्या बसल्या होत असेल. यातलं निम्मं खरं आहे. पहिल्यांदाच संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला तो खरोखर सोपा झाला आहे. रोज आठ-दहा तास त्याच्यापुढे बसणाऱ्याला मात्र तो वर्षागणिक अवघड होत चालला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या असाव्यात, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

मी आधी टाइपरायटर शिकले. क्लासच्या मॅडम आमच्या हातांवर कापड टाकायच्या. बघायचं ते समोरच्या उताऱ्याकडे, कळांकडे नाही. पहिला महिना बोटं चाचपडत राहिली. मग एक दिवस लक्षात आलं, की कापड कुणी काढून घेतलं तरी फरक पडत नाही. हात बसला होता. तिथून मी संगणकावर आले तेव्हा डॉसचा जमाना होता. मराठीसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकाच्या आत बसवलेलं असे. मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टारसारख्या प्रोग्रॅममध्येही त्यामुळे देवनागरी उमटायची. वर्डस्टार १९७८चं. त्यात माऊसला काही काम नव्हतं. मजकुराच्या तुकड्याची सुरुवात कंट्रोल-के-बी, शेवट कंट्रोल-के-के, उचलून दुसरीकडे न्यायचा तर कंट्रोल-के-व्ही, सेव्ह करून पुढे चालू ठेवायचं तर कंट्रोल-के-एस. हे सगळं पाठ कसं व्हायचं म्हणून मी रडकुंडीला आले होते. पडद्याशेजारी भिंतीवर कागद चिकटवला होता. काही आठवड्यांनी त्या कागदाकडे बघणं सुटलं. परिच्छेद वर न्यायचा असं मनात यायचं आणि तो वर गेलेला असायचा. मधलं सगळं बोटं आपापसात बघून घ्यायची.

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराने २०१४ मध्ये टीव्हीवरच्या एका मुलाखतीत सांगितलं, की आपण अजून डॉसच्या यंत्रावर वर्डस्टार ४.० मध्येच लिहितो. ऐकणारे हसले. मला त्यात विक्षिप्त असं काही वाटलं नाही. त्या माणसाचा हात तिथे बसला आहे, आणि सुदैवाने तो उठवण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, छापखान्यात कंपोझिटर होते. डाव्या हातात स्टिक, समोर खिळ्यांच्या केस. काने, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं असं सगळं धरलं तर देवनागरीला शेकड्यांनी खिळे लागायचे आणि प्रत्येकाचं घर ठरलेलं. डोळे हस्तलिखितावर, उजवा हात केसवर. कुठल्या घरात ‘क्ष’ आहे हे विचारलं असतं तर त्यांना कदाचित पटकन सांगता आलं नसतं, पण हात थेट तिथे गेला असता. छपाई झाली की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. नव्या पोराला आधी तेच काम देत. त्यात चूक झाली तर शिव्या खाव्या लागत, कारण एक खिळा चुकीच्या घरात गेला तर पुढच्या माणसाचा हात फसणार. माझा पहिला संगणक घरी आला तेव्हा आण्णांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, “यातली घरं हलत नाहीत ना?” मी म्हटलं, “नाही, आण्णा.” “मग जमेल तुला,” ते म्हणाले. तेव्हा ते उत्तर खरं होतं.

पुढे विंडोज आलं आणि त्याबरोबर पेजमेकर. पेजमेकर १९८५चं, मूळ ऑल्डस या कंपनीचं. १९९४ मध्ये ऑल्डस ॲडोबीत विलीन झाली. मराठीच्या अक्षरांसाठी पुण्याच्याच मॉड्युलरचं श्रीलिपी होतं, सी-डॅकचं आयएसएम होतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर कंपनीने त्यानंतर त्याला हात लावला नाही, आणि हेच आमच्या पथ्यावर पडलं. जे बदलायचं थांबलं ते आम्हाला पुरतं कळलं. मजकूर आत घ्यायचा तर कंट्रोल-डी, नुसता मजकूर उघडून सुधारायचा तर कंट्रोल-ई, परिच्छेदाची मापं कंट्रोल-एम. महाराष्ट्रातल्या किती पत्रिका, किती साप्ताहिकं, किती दिवाळी अंक कंपनीने सोडून दिलेल्या त्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं निघाले, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

त्या दिवसांतला दिवाळी अंकाचा हंगाम म्हणजे संपादक माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसलेले, मांडीवर प्रुफं. “ही ओळ मागे घ्या. इथे चौकट. कवितेला जरा श्वास द्या.” त्यांचं वाक्य संपेपर्यंत पान बदललेलं असे. मग लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढायचं, सोळा पानांचा फर्मा झाला की माणूस सायकलवरून छापखान्यात. आमच्या बोलण्यात संगणकाचा विषय निघत नसे. बोलणं असे ते पानाबद्दल.

हे वाचून कुणी म्हणेल, बाईंना जुन्याचं कौतुक आहे. नाही. जुन्याने मला रडवलंही पुष्कळ. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट असलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची अर्थहीन रांग दिसायची. लेखक फ्लॉपी घेऊन यायचे, ती वाचली जायची नाही. फॉन्ट बदलला तर ‘तऱ्हा’ आणि ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र हटकून मोडायचा. वीज गेली की गेल्या सेव्हनंतरचं सगळं गेलं. यातलं सर्वांत मोठं दुखणं युनिकोडने बरं केलं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यातली देवनागरी भारताच्याच इस्की या मानकावर बेतलेली होती. विंडोजमध्ये मराठी वाचता यावी म्हणून मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला, ते अक्षरांचे मोठे जाणकार आणि कवी. पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरी नीट बसायला २०१२ उजाडलं. त्यासाठी मी पुन्हा शून्यापासून शिकले आणि आनंदाने शिकले, कारण त्या कष्टाच्या पलीकडे काहीतरी कायमचं मिळणार होतं. आज लेखक फोनवर बोलून मजकूर उमटवतात आणि मला पाठवतात, तो माझ्याकडे जसाच्या तसा उघडतो. माझी सत्तरी ओलांडलेली जाऊ, जी कधी संगणकाला शिवली नाही, ती नातवाला मराठीत निरोप धाडते. हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे.

माझी तक्रार बदलाबद्दल नाहीच. तक्रार आहे ती शिकलेलं टिकत नाही याबद्दल.

मायक्रोसॉफ्टच्या २००७च्या ऑफिसमध्ये वर्षानुवर्षांच्या मेनूंची जागा रिबनने घेतली. २०१२ मध्ये विंडोज ८ने स्टार्टचं बटणच काढून टाकलं आणि लोकांनी एवढा आरडाओरडा केला, की पुढच्याच वर्षी ८.१मध्ये ते परत आणावं लागलं. २०२१ च्या विंडोज ११मध्ये उजवं क्लिक केलं की आधी निवडक गोष्टी दिसतात आणि जुनी पूर्ण यादी ‘आणखी पर्याय’ याच्या मागे गेली. प्रत्येक बदल एकट्याने बघितला तर किरकोळच. एक क्लिक जास्त, एवढंच. पण ते क्लिक दिवसातून शेकडो वेळा करावं लागतं, आणि त्याहून वाईट म्हणजे दर वेळी बघून करावं लागतं. बसलेल्या हाताला डोळे लागत नाहीत. डोळे पानावर असतात. ते पानावरून उचलून पडद्याच्या कडेला न्यावे लागले की पानाचा विचार तुटतो.

वेगाचंही तसंच. डॅन लू या अमेरिकन अभियंत्याने कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंतचा वेळ जुन्या-नव्या यंत्रांवर मोजून पाहिला. १९८३चा ॲपल टू-ई सुमारे ३० मिलिसेकंदांत अक्षर दाखवत होता. त्याहून हजारो पटींनी ताकदवान असलेल्या अलीकडच्या कित्येक यंत्रांना शंभराहून जास्त मिलिसेकंद लागत होते. माझ्या मुलाने हे वाचून दाखवलं तेव्हा मला बरं वाटलं. मागे राहिल्यासारखं वाटायचं ते वयामुळे नव्हतं तर. तो संगणकाचंच शिकलाय. त्यानेच सांगितलं, की पास्कल ही संगणकभाषा घडवणाऱ्या निक्लाउस विर्ट यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं : यंत्र जेवढ्या वेगाने जलद होतंय त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर सुस्त होतंय.

असं का होतं? मी माझ्यापुरतं जे जुळवलंय ते असं. पूर्वी सॉफ्टवेअर खोक्यात यायचं. नवी आवृत्ती निघाली की कंपनीला मला पटवून द्यावं लागे, की ही जुनीपेक्षा चांगली आहे. नाही पटलं तर मी पैसे वाचवायचे आणि जुन्यावरच काम करायचे. माझा नकार हा कंपनीवरचा लगाम होता. २०१३ पासून ॲडोबीने आपली मुख्य सॉफ्टवेअरं वर्गणीवर नेली आणि हळूहळू तो सगळ्या धंद्याचा रिवाज झाला. आता मी भाडेकरू आहे. वर्गणी दर महिन्याला जाते, म्हणून दर महिन्याला काहीतरी नवं दिसायला हवं. ते रात्री आपोआप येतं. नको म्हणायची सोय असली तर ती सेटिंगच्या सेटिंगमध्ये कुठेतरी. त्यात फोनची भर. बोटाने चालवायच्या लहान काचेसाठी आखलेली मांडणी आमच्या मोठ्या पडद्यांवर आली. मोठी बटणं, मधे रिकामी जागा, बाकी सगळं घडी घालून आत. नवख्याला ते बिचकवत नाही, आणि कंपनीला गिऱ्हाईक वाढवायचं असतं ते नवख्यांतूनच. जुनी माणसं कुठे जाणार? त्यांच्या फायली तर आपल्याच कुलपात आहेत. नवख्याची सोय आणि जुन्याची गैरसोय एकाच ठिकाणी जन्म घेतात ती इथे.

गेल्या काही वर्षांतल्या एका दिवाळी अंकाच्या वेळची गोष्ट. शेवटचा फर्मा सकाळी जायचा होता. पहाटे संगणक सुरू केला तर तो रात्रीत स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. पानं लावायच्या सॉफ्टवेअरने विचारलं, तुम्ही तुम्हीच आहात का? खात्री करण्यासाठी त्याने ओटीपी पाठवला. खातं उघडताना मुलाचा नंबर दिला होता आणि मुलगा त्या वेळी विमानात होता. वर्गणी भरलेली, फाईल माझी, संगणक माझा, पण मी माझ्या खोलीच्या दाराबाहेर. दोन तासांनी मुलाचा फोन लागला, आत गेले, तर डाव्या बाजूची हत्यारांची पट्टी उजवीकडे गेलेली आणि वर एक आनंदी चौकट : नवं काय आहे ते पाहायचंय का? छापखान्याचा माणूस दारात उभा होता. मला नवं काही पाहायचं नव्हतं. मला पान क्रमांक ११२ पाहायचं होतं.

माझ्याकडे येणाऱ्या लेखकांचे हालही वेगळे नाहीत. एक निवृत्त प्राध्यापक आहेत, चांगले विद्वान. त्यांचा फोन येतो, “अहो ताई, प्रकरण तिसरं सापडत नाहीये. काल तर इथेच होतं.” ‘इथे’ म्हणजे डेस्कटॉप. तो फोल्डर त्यांना न विचारता ऑनलाइन साठवणीत गेलेला असतो, तिथली मोफत जागा भरलेली असते आणि एका प्रकरणाच्या दोन प्रती दोन तारखांच्या झालेल्या असतात. फ्लॉपी हजार वेळा दगा द्यायची, पण फाईल कुठे आहे या प्रश्नाला उत्तर होतं : माझ्या पिशवीत. आता भारतीय दर्शनांवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला आपला ग्रंथ नक्की कुठे आहे ते सांगता येत नाही, आणि त्याला वाटतं, ढ आपणच.

इतके दिवस मी हे सगळं पिढीच्या खात्यावर टाकत होते. आपलं वय झालं, पोरांना काही वाटत नसेल. माझ्याकडे एक मुलगी कामाला येते, पंचविशीची, हुशार. ती खरंच चिडत नाही. काही अडलं की फोनवर व्हिडिओ शोधते. व्हिडिओतली मांडणी मागच्या आवृत्तीची निघते, मग दुसरा शोधते. तेच काम पुढच्या आठवड्यात आलं की पुन्हा व्हिडिओ. एकदा मी म्हटलं, “अगं, वहीत लिहून ठेव. चार वेळा केलंस की बसेल.” ती सहज म्हणाली, “ताई, लक्षात ठेवून काय करायचं? पुढच्या महिन्यात बदलतंच की.”

तिचं बरोबर होतं, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. आण्णांकडे केसवर बसलेला हात होता. माझ्याकडे पेजमेकरवरचा होता. तो गेला तरी, असा हात असणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिला ते कळण्याची संधीच मिळालेली नाही. तिच्यात काही कमी आहे म्हणून नाही, तर ज्या हत्यारावर ती शिकते ते एका जागी राहत नाही म्हणून. ती कायम नवखी राहणार आणि सॉफ्टवेअर कायम नवख्यांसाठीच आखलं जाणार. नवखं राहण्यात मानहानी नसते, पण आपल्या कामावर हुकमत आली की जो आनंद होतो तो त्यात नसतो. मजुरी वाढते तीही त्या हुकमतीमुळेच.

सुरक्षेचा मुद्दा मला कळतो. नेटवर असलेल्या यंत्राला भोकं बुजवणारी अपडेट हवीच. छापखान्याला पीडीएफ मेलने जाते, तेव्हा नेट तोडून बसणं परवडणारं नाही. पण भोकं बुजवणं आणि घरातलं सामान हलवणं ही दोन वेगळी कामं एकाच पुडक्यात बांधून पाठवायची, एक हवं तर दुसरं घ्यावंच लागेल, ही कसली रीत? १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळी अंकांच्या धांदलीत, विंडोज १०चा मोफत सांभाळ थांबला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था आणि त्यातल्या त्यात नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे ठणठणीत चालणारी कितीतरी यंत्रं अपात्र ठरली. माझ्याकडचं एक त्यातलंच. ते नेटवरून काढून मी जुन्या फायली उघडण्यासाठी ठेवलं आहे.

त्याच्या बदल्यात आलेल्या नव्या लॅपटॉपवर स्क्रोल-लॉकची कळ नाही. ती दाबून आम्ही वर्षानुवर्षं इंग्रजीतून मराठीत जात होतो. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही; युनिकोडमध्ये दुसरी सोय आहे. पण उजवीकडची कंट्रोलही नाही! मायक्रोसॉफ्टने २०२४च्या जानेवारीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसासाठी स्वतंत्र कळ जाहीर केली, आणि बऱ्याच लॅपटॉपवर ती उजव्या कंट्रोलच्या जागी बसली. दोन्ही हातांनी टाइप करणारी बाई मी. उजवी करंगळी आपल्या सवयीने जाते, आणि एक खिडकी उघडून विचारते, मी तुमची काय मदत करू? आण्णांना दिलेलं उत्तर आज मला देता येणार नाही. घरं हलतात, आण्णा. आता कळासुद्धा हलतात.

मागणं मोठं नाही. दुरुस्ती वेगळी द्या, मांडणी वेगळी द्या, आणि मांडणी नाकारायचा हक्क द्या. भरल्या वर्गणीवर नेटशिवाय, ओटीपीशिवाय काम चालू राहू द्या. फाईल कुठे ठेवली ते सरळ सांगा. कळ जिथे आहे तिथे राहू द्या. टाइपरायटरच्या कारखान्यांना यातलं काही सांगावं लागलं नव्हतं, कारण विकलेलं यंत्र रात्रीतून बदलायची सोयच त्यांच्याकडे नव्हती.

त्या मुलीला मी हल्ली सॉफ्टवेअर फारसं शिकवत नाही. ते तिचं ती शोधते. मी तिला पान शिकवते. समास किती सोडायचा, कवितेची ओळ कुठे तोडायची नाही, परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या डोक्यावर का जाऊ द्यायची नाही, ‘की’ आणि ‘कि’ यांची प्रुफं कशी पाहायची. हे कुठल्याही अपडेटने बदलत नाही. पण एवढ्याने भागत नाही, हेही मला माहीत आहे. पान डोळ्यांना कळलं तरी लावायचं हातानेच असतं, आणि हात बसायला हत्यार काही वर्षं तरी जागेवर राहावं लागतं. कंपोझिटरच्या केसला ते जमलं होतं, वर्डस्टारला जमलं, पेजमेकरला तर बेवारस होऊनही जमलं. तेव्हा ते होऊ शकत नाही असं कुणी मला सांगू नये.